पिवळ्या रेघेपलीकडचा पाऊस

ती पोरगी आमच्या गोदीच्या आवारात पालथी पडलेली होती, आणि पाऊस तिच्या पाठीवर हलकेच टपटपत होता.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. आमच्या खाडीवरचा पाऊस कोसळत वगैरे नाही. तो धुक्याचा हात धरून येतो, डोलकाठ्यांवरून ओघळतो, होड्यांचे दोर त्या काठ्यांवर आपटून किणकिणतात... आणि ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत सगळं जग ओल्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं. इथं छत्री कुणी घेत नाही. छत्री घेतो तो परका. एवढं ओळखायला शाळा लागत नाही.

आणि नेमका एक परका छत्री घेऊन फाटकातून आत शिरला.

उंच, सावळा, केस कपाळावर आलेले. त्यानं बघितलं, गटाराच्या उघड्या तोंडाशी पिवळ्या रेनकोटातलं कुणीतरी पालथं पडलंय, एक हात खांद्यापर्यंत आत. बिचाऱ्याला वाटलं, पडली मुलगी. धावत गेला आणि छत्री तिच्यावर धरली.

"लागलं का तुम्हाला?"

"छत्री काढा!" ती ओरडली. मान वळवायची तसदीसुद्धा घेतली नाही. "काढा म्हणते ना! पाणी ओघळतंय बाटलीत!"

"अहो, पाऊसच पडतोय. पाणी ओघळणारच की."

"म्हणून तर आडवी पडलेय मी. माझ्या पाठीचं छप्पर पुरेसं आहे. तुमच्या छत्रीची पन्हळ नकोय मला."

त्यानं मुकाट्यानं छत्री मिटली. भिजत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "आणि भिजत उभा राहिलेला माणूस... तो चालतो का?"

तेव्हा कुठं ती वळली. गालावर चिखलाचा पट्टा, भुवया वर. आणि नाकाच्या शेंड्यावर एक थेंब येऊन थांबलेला. तो त्या थेंबाकडे असा बघत राहिला, जणू हा पडला तर जगात काहीतरी फुटेल.

थेंब पडला. दोघं हसली.

"सिग्ने," ती म्हणाली.

"डेल्फिन. बाटली भरली की गरम कॉफी घेणार?"

"घेईन की..." ती बूच लावत उठली. "तुम्ही कुणाच्या होडीवर आहात?"

"होडी नाही. ही पेटी माझी." त्यानं जमिनीकडे बोट केलं. "तुम्ही जिच्यात हात घातला होता ना, ती. मी बनवलीय."

सिग्नेचं हसू जिथल्या तिथं विझलं. दोन पावलं मागं सरली बघा.

"मी तिची परीक्षा घेणारी," ती म्हणाली. "कॉफी राहू दे."

झालं! माझ्या खिडकीखाली जुळलं आणि तिथंच तुटलं. मी चुलीवरची किटली खाली उतरवली.

आता ही पेटी काय ते सांगते, नाहीतर पुढं सगळं अधांतरी वाटेल. आम्ही होड्या वर ओढून घेतो, तळ खरवडतो, रंगवतो. त्या रंगातलं तांबं, छपराच्या पत्र्यांतलं जस्त, रस्त्यावरची टायरची धूळ, हे सगळं पावसाबरोबर खाडीत जातं आणि ओढ्यात अंडी घालायला आलेला सॅमन मासा तडफडून मरतो. माझ्या सासऱ्यांची माणसं क्रोएशियाच्या बेटांवरून या वॉशिंग्टन राज्यात माशाच्या मागंच आली. मासा मरतो म्हटल्यावर मी गप्प बसणार होते होय? डेल्फिन आणि त्याच्या बहिणीनं मिळून ही सिमेंटची पेटी बनवली होती. आत कोळशाचे आणि शिंपल्यांच्या चुऱ्याचे थर. घाण पाणी एका तोंडानं आत, स्वच्छ पाणी दुसऱ्या तोंडानं बाहेर. मी म्हटलं, पुरा माझ्या आवारात.

पण नुसतं "स्वच्छ करते" म्हणून भागत नाही. राज्याच्या खात्याचा शिक्का मिळाल्याशिवाय एकही गाव, एकही गोदी असली पेटी विकत घेत नाही. आणि शिक्का मिळवायचा तर बनवणाऱ्याच्या बोलण्याला कवडीची किंमत नाही. तिसऱ्याच कुणीतरी येऊन, भर पावसात, आत जाणारं आणि बाहेर येणारं पाणी बाटल्यांत भरायचं, प्रयोगशाळेला धाडायचं, मग जाणत्या लोकांचं मंडळ बसून निकाल देणार. ती तिसरी म्हणजे सिग्ने. तिचं आणि बनवणाऱ्याचं काही नातं, काही देणंघेणं, काही मनातलं असता कामा नये. असलं, की तिच्या शब्दाचा कागद ओला झाला.

शिवाय पाऊससुद्धा पास व्हावा लागतो बरं का! फार कमी पडला, बाद. फार लवकर थांबला, बाद. आणि त्याच्याआधी आभाळ काही काळ कोरडं राहिलेलं नसलं, तरी बाद. मी ऐकलं तेव्हा म्हटलं, देवाच्या पावसाचीही परीक्षा घेता होय गं, तुम्हाला सूनच आणायला सांगायला हवी.

त्याच दुपारी सिग्ने माझ्याकडून होडीच्या कठड्याचा पिवळा रंग घेऊन गेली आणि आवारात आडवी रेघ ओढून आली.

"रेघेच्या अलीकडे तुम्ही यायचं नाही," तिनं डेल्फिनला बजावलं. "मी काम करत असताना तर नाहीच."

"आणि बोलायचं?"

तिनं जरा विचार केला. "पावसाबद्दल बोलू शकता. पाऊस कुणाच्या बाजूचा नसतो."

बस्स. त्या पोरांनी सगळा हिवाळा पावसावर काढला.

पाऊस यायचा असला की तो रेघेपलीकडे उभा. छत्री मात्र परत कधी आणली नाही. शहाणा झाला. ती इकडे आपल्या पत्र्याच्या खोपटाशी, नळ्या आणि बाटल्या लावण्यात गुंतलेली. आणि मध्ये ती पिवळी रेघ, ओली, चमकत...

"उद्या येणार म्हणतात," तो म्हणायचा.

"कितपत?"

"हळुवार. पण बराच वेळ रेंगाळणारा."

"असले रेंगाळणारे... मोजायला बरे असतात."

"आणि गेल्या मंगळवारचा?"

"तो बाद झाला. घाई केली त्यानं. आधी कोरडं राहायला हवं ना काही काळ."

"मी राहतोय की कोरडा," तो म्हणायचा, नखशिखांत भिजलेला. आणि ती बाटल्यांच्या खोक्यावर वाकून हसू लपवायची.

मी खिडकीतून ओरडायची, "हवामानखातं संपलं असेल तर आत या, फ्रितुले तळलेत!" आमची ती साखरेत घोळवलेली भजी. ती आली की तो बाहेर थांबायचा, तो आला की ती बाहेर. एका ताटातलं दोघं खायची, पण पाळीपाळीनं. तो उठून गेला की ती त्याच खुर्चीवर बसायची, आणि क्षणभर तिच्या दांड्यांवर हात ठेवायची... खुर्ची अजून गरम असायची. मला काय दिसत नाही का? चार मुली उजवल्यात मी.

डिसेंबरात सिग्नेच्या जोडीची बाई बाळंतपणाला गेली. आणि ते पाणी एकट्यानं भरता येत नाही, पहिल्या दिवशीची ती बाटली म्हणजे नुसती रंगीत तालीम होती. एकीचे "स्वच्छ हात", ती फक्त बाटलीला शिवणार. दुसरीचे "मळके हात", ती झाकण, पिशवी, दार, बाकी सगळ्याला. सोवळं-ओवळं म्हणा ना. डेल्फिनला हात लावायची सोय नाही. मग राहिलं कोण?

"विन्का आजी, तुम्ही माझे मळके हात व्हाल का?"

"मळके? माझे?" मी पदर नसताना पदर खोचल्यासारखी उभी राहिले. "या हातांनी पाद्र्याला जेवायला वाढलंय मी!"

पण झाले. मी पिशवी उघडायची, तिनं आतली बाटली उचलायची. एवढ्या जवळून तिचे हात पहिल्यांदाच बघितले. बारीक, थंडीनं लाल झालेले, आणि अगदी स्थिर. फक्त रेघेपलीकडून तो खोकला की बाटली थोडी हलायची.

"हात थरथरतोय," मी म्हटलं.

"थंडी आहे."

"हो तर. उंच, सावळी थंडी आहे. रेघेपलीकडे उभी आहे."

"आजी!" तिचे कान लाल झाले. मग तिनं बूच घट्ट बसवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मला तसं काही वाटलं ना आजी, तर मला हे काम सोडायला हवं. आणि मोसमाच्या मध्यात परीक्षकच गेला तर त्याची पेटी लटकली. त्याच्या बहिणीनं सांगितलंय, या मोसमात शिक्का नाही तर दुकान बंद. म्हणून मला काही वाटत नाही."

"बरं," मी म्हटलं. "वाटत नाही तर नाही." थोबाडावर लिहिलेलं वाचता येत होतं, पण मी आपली गप्प.

मोसमात एकदा-दोनदा खात्याचा माणूस येऊन जायचा. हॉलिस त्याचं नाव. वाळलेल्या बोंबलासारखा, आणि शब्द असे वापरायचा जसे काही घरून मोजून आणलेत. नळ्या बघायचा, रेघ बघायचा, आणि निघताना दर वेळी एकच प्रश्न.

"तुमचा आणि बनवणाऱ्याचा काही संबंध?"

"नाही," सिग्ने म्हणायची. पहिल्या वेळी पटकन. दुसऱ्या वेळी... जरा श्वास घेऊन.

मार्च उजाडला. उत्तरेकडच्या शेतांत डॅफोडिल फुलली, पिवळीधमक, मैलच्या मैल. एका सकाळी मी बाहेर आले तर सिग्नेच्या खोपटाच्या दाराशी, वळचणीखाली, बादलीभर डॅफोडिल! बादली माझीच, मागच्या अंगणातली. विचारलं नाही, सवरलं नाही.

डेल्फिन रेघेपलीकडे उभा, जणू त्या गावचाच नाही.

सिग्ने आली. फुलं बघून थबकली. मग वाकली, चेहरा फुलांत बुडवला आणि तशीच राहिली... इतका वेळ, की वरून पाऊस सुरू झालेला तिला कळला नाही.

"पाऊस आला," तो म्हणाला.

"हो," ती फुलांतूनच म्हणाली. "चांगला आहे."

तो पाऊस नियमात बसणारा होता. रेंगाळला, रात्रभर झिमझिमला, पास झाला. मोसमातले शेवटचे थोडेच पाऊस उरले होते.

आणि मग प्रयोगशाळेचं उत्तर आलं. पेटीतून बाहेर पडलेल्या पाण्यात, आत गेलेल्यापेक्षा जस्त जास्त!

डेल्फिनचा चेहरा राखेसारखा झाला. इतके पाऊस जिनं नीट गाळले ती पेटी अचानक जस्त ओकायला लागली? असा एक पाऊस हिशेबात धरला तर शिक्का गेलाच. सिग्नेनं नळ्या सोडल्या, धुतल्या, पुन्हा लावल्या. झाकण उचलून आत उतरली. काही सापडेना. तो रेघेपलीकडून बघत राहायचा, आणि त्या दोघांचं पावसाबद्दलचं बोलणंसुद्धा आटलं.

फुलं तोवर माना टाकून बसली होती. मी माझी बादली न्यायला गेले. उपडी केली, आत बघितलं, आणि माझं टाळकं फिरलं.

"बघ गं सिग्ने, काय दशा केली माझ्या जस्ताच्या बादलीची! आतून पांढरी भुकटी चढलीय. वळचणीचं पाणी दिवसरात्र तिच्यात पडतंय आणि वाहून..."

सिग्ने बादलीकडे बघत होती. मग जमिनीकडे. बादली जिथं होती तिथून पाण्याची रेघ सरळ लोखंडी झाकणावर गेली होती. झाकणाच्या भोकातून आत. आत, बरोबर बाहेरच्या पाण्याच्या नळीच्या तोंडावर.

"जस्त," ती पुटपुटली.

जस्त काढायची पेटी बनवणारा माणूस जस्ताच्या बादलीत फुलं आणतो! आणि जस्त मोजणारी पोरगी त्या बादलीवर वाकून वास घेत बसते! फुलं बघितल्यावर बादली कोण बघतंय म्हणा.

मी तिला आत आणून बसवलं, पुढ्यात कॉफी ठेवली.

"बादली माझी," मी म्हटलं. "मी ठेवली होती असं सांगते. म्हातारीला कोण फासावर देणार आहे?"

"आणि फुलं? तीही तुमचीच?"

"माझी का नसावीत? मला कुणी फुलं देत नाही वाटतं?"

ती हसली, पण डोळे भरले. "आजी, मी गप्प बसले तर त्याची पेटी नापास होते, तिचा दोष नसताना. खोटं कारण दिलं, तर हिवाळाभर ज्या बाटल्या भरल्या त्यातल्या एकीवरही माझा मलाच विश्वास राहायचा नाही. आणि खरं सांगितलं, तर..."

"तर?"

"तर मला खरं सांगावं लागेल."

एवढंच म्हणाली. मी तिच्या हातावर माझा हात ठेवला. मळका तर मळका.

हॉलिस आला तेव्हा धुकं इतकं दाट होतं की त्याच्या गाडीआधी तिचे दिवेच आवारात शिरले. डेल्फिन रेघेपलीकडे उभा, खांदे पडलेले, निकाल ऐकायला आलेला. मी दारात. सिग्नेनं बादली उचलून हॉलिसच्या पायाशी ठेवली.

"हे कारण," ती म्हणाली, आणि पाणी कुठून कुठं गेलं ते बोटानं दाखवलं.

हॉलिसनं बादली बघितली, वळचण बघितली, झाकण बघितलं. "इथं बादली का होती?"

"फुलं होती तिच्यात."

"फुलं."

"डॅफोडिल."

"कुणासाठी?"

दोरांची किणकिण ऐकू येत होती. लांब कुठंतरी बोटीचा भोंगा वाजला...

"माझ्यासाठी," सिग्ने म्हणाली.

"मी ठेवली," डेल्फिन एकदम बोलला. "तिला माहीत नव्हतं. तिनं मागितली नव्हती. दोष माझा आहे, तिचा नाही."

"मुद्दाम ठेवलीत?"

"फुलं मुद्दाम. बादली... बिनडोकपणानं."

हॉलिस सिग्नेकडे वळला. तोच प्रश्न, त्याच कोरड्या आवाजात, जणू हवापाणी विचारतोय.

"तुमचा आणि बनवणाऱ्याचा काही संबंध?"

तिनं डेल्फिनकडे बघितलं नाही. सरळ हॉलिसच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मागच्या वेळी विचारलंत तेव्हा नव्हता. निदान मी होऊ दिला नव्हता. ही फुलं आली त्या सकाळपासून... आहे. माझ्याकडून आहे. त्याला मी सांगितलेलं नाही. पहिल्यांदा तुम्हालाच सांगतेय, कारण नियमानं आधी तुम्हाला सांगायला हवं."

अगं बाई! जन्मात बरंच ऐकलंय मी. बोटीवर दिलेली प्रेमाची कबुली ऐकली, चर्चच्या पायरीवर दिलेली ऐकली. पण कबुली सरकारी माणसाला, आणि ज्याच्यावर प्रेम तो रेघेपलीकडे पुतळा झालेला, असलं पहिल्यांदाच.

हॉलिसनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हा पाऊस बाद," तो म्हणाला. "आणि तुम्हीही बाद. आजपासून. उरलेले पाऊस दुसरं कुणीतरी मोजेल."

"आधीचे?" तिनं विचारलं. "त्याचे आधीचे पाऊस?"

"ते मंडळ ठरवेल. मी माझं मत देईन." तो गाडीकडे निघाला. मग थांबला, आणि त्या वाळक्या बोंबलाच्या तोंडून असं वाक्य निघालं की मी त्याचे सगळे अपराध माफ केले. "बाटल्या प्रयोगशाळेनं तपासल्यात. आणि पाणी काही कुणाच्या प्रेमात नव्हतं."

पुढचं आत्ताच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. मंडळानं आधीचे पाऊस धरले. उरलेल्यांसाठी एक जाडजूड, कपाळाला आठ्या असलेला माणूस आला, त्याला कुणी फुलं दिली नाहीत. पण त्या मोसमात पुरेसा पाऊसच झाला नाही, शिक्का पुढच्या हिवाळ्यावर गेला. बहीण दुकान बंद करायला निघाली होती. मी तिला बोलावून घेतलं, फ्रितुले खायला घातले आणि म्हटलं, माझ्या आवारातली पेटी नापास झालेली नाही, तू कशाला नापास होतेस? डेल्फिनला उन्हाळाभर होड्यांचे तळ खरवडायला लावलं. आधी बोटं सोलून घेतली, मग शिकला. सिग्ने दुसऱ्या खाडीवर दुसऱ्याच कुणाच्या पेट्या तपासते. तिथले लोक तिच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. का, ते सगळ्या राज्याला ठाऊक आहे. शिक्का आला, आणि लग्न माझ्याच आवारात झालं. फुलं मी काचेच्या बरण्यांत ठेवली होती. जस्ताच्या बादलीत आता मी कोळसा ठेवते.

पण माझ्या डोळ्यांपुढं येतो तो लग्नाचा दिवस नाही. हॉलिसची गाडी धुक्यात विरली, तो क्षण येतो.

आवारात ती दोघंच. मी दार पुढं केलं होतं, पूर्ण लावलं नव्हतं, इतकी काही मी संत नाही. सिग्ने रेघेच्या अलीकडे, डेल्फिन पलीकडे. तिनं हातातले मोजे काढले. आधी एक, मग दुसरा. घडी करून खिशात ठेवले.

"तुमचा शिक्का लांबला," ती म्हणाली. "माझ्यामुळं."

"माझ्या बादलीमुळं."

"आजींच्या बादलीमुळं." ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, गेलं. "आता मला रेघेच्या अलीकडे उभं राहायचा अधिकार नाही. बाद झालेय मी."

"मग..." त्याचा आवाज दोरांच्या किणकिणीत हरवल्यासारखा. "मग कुठं उभी राहशील?"

"तू" म्हणाला होता तो. सगळ्या हिवाळ्यात पहिल्यांदा. तिनं ते ऐकलं, तिथंच जरा थांबून ऐकलं... आणि मग रेघ ओलांडली. एकच पाऊल होतं. पण असं टाकलं, जणू बोटीवरून उतरून पहिल्यांदा जमिनीवर पाय ठेवतेय.

"ती कॉफी," ती म्हणाली, "अजून मिळेल? पहिल्या दिवशीची?"

"गार झाली असेल."

"चालेल मला."

आणि पाऊस आला. नेहमीसारखाच, धुक्याचा हात धरून. सकाळीच एक सर येऊन गेली होती, मध्ये आभाळ धड कोरडंसुद्धा राहिलं नव्हतं. नियमानं तो पाऊस धरण्याजोगा नव्हताच. त्याचं पाणी कुणी बाटलीत भरलं नाही, तो किती पडला ते कुणी मोजलं नाही. तिच्या नाकाच्या शेंड्यावर एक थेंब येऊन थांबला, आणि या वेळी डेल्फिननं तो पडू दिला नाही, बोटानं अलगद टिपून घेतला.

खात्यानं नसेल धरला तो पाऊस. मी धरला. आणि मग दार लावून घेतलं.